पाठीत सुई की पूर्ण भूल?

टोरांटोहून एका ताईंचं पत्र आलंय. खानापूरला आई अंगणात घसरून पडली. वय 78, खुब्याचं हाड मोडलंय, बेळगावला दाखल केलंय. ‘मामा म्हणतो पूर्ण भूल तिच्या हृदयाला झेपणार नाही, पाठीतच सुई द्यायला लाव. मावशी म्हणते पाठीत सुई दिली की कंबर कायमची धरते. मी कुणाचं ऐकू?’

ताई, दोघांचंही नको. अमेरिका-कॅनडातल्या खुबा मोडलेल्या 1,600 रुग्णांवर नेमकी हीच तुलना झाली; निष्कर्ष 2021 साली आले. साठ दिवसांत दगावलेले किंवा चालता न येणारे रुग्ण पाठीतल्या भुलीत 18.5 टक्के, पूर्ण भुलीत 18 टक्के. फरक नाहीच म्हणायचा. पाठीतल्या भुलीनेही रक्तदाब उतरतो, आणि दाब बराच वेळ खाली राहिला की थकलेल्या हृदयाला रक्त कमी पडतं. आई क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) घेत असेल तर पाठीतल्या सुईने मणक्यात रक्त साठण्याची भीती असते. हृदयाची झडप फार अरुंद असेल तर एकदम उतरलेला दाब सावरत नाही. म्हणून मामांना आजच घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने ईसीजी पिशवीत भरून न्यायला सांगा. भूल कोणती, ते भूलतज्ज्ञ त्यावरून ठरवतील.

मला खरी काळजी आहे ती ऑपरेशननंतरच्या दोन-तीन दिवसांची. 45 वर्षांवरच्या पंधरा हजारांहून जास्त रुग्णांचं रक्त या दिवसांत तपासलं, तेव्हा शंभरात आठजणांच्या हृदयाला इजा झालेली सापडली. त्यातल्या 84 टक्के लोकांच्या छातीत दुखलंच नव्हतं. वेदनाशामक चालू असतं, पेशंट गुंगीत असतो, घरचे फोनवर सांगतात, ‘आई छान झोपलीय.’ म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ऑपरेशनआधी एकदा आणि नंतर दोन दिवस रोज करणार का? वाढलं तर हृदयरोगतज्ज्ञ बघतील ना? रक्ताची साधी तपासणी आहे, संकोच करू नका.

आणि तुमच्या विमानासाठी ऑपरेशन थांबवू नका. मोडक्या खुब्याने अंथरुणात काढलेला प्रत्येक दिवस फुप्फुसांना आणि पायातल्या शिरांना बाधतो. संमतीचा कागद कन्नडात असेल तर मामांनी तो मराठीत समजावून घ्यावा, मगच सही करावी. भूलतज्ज्ञ तपासायला आले की तुम्हाला फोन लावावा, तुमच्याकडे मध्यरात्र असली तरी.