अमेरिकेतील बालवर्गात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपूर्वी होणाऱ्या मेजवानीत शाकाहारी मराठी मुलाने भाग घ्यावा का?

आपल्या प्रश्नात दोन शंका आहेत. घरी मांसाहार होत नसताना टर्की हा मोठा पक्षी भाजून खाण्याच्या या सणात पाच वर्षांच्या मुलाला बसवावे का, ही पहिली. आणि इथल्या मूळ रहिवाशांची भूमी घेणाऱ्यांचा सण आपण का साजरा करावा, ही दुसरी. मी न्यू जर्सीतील एका प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. माझ्या मते मुलाला अवश्य बसू द्यावे. पहिली शंका शिक्षिकेला लिहिलेल्या एका पत्राने मिटते, दुसऱ्या शंकेकडे मात्र पालकांनी मनापासून लक्ष द्यायला हवे.

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला आभार मानण्याचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि पुष्कळ शाळांना बुधवारपासूनच सुट्टी लागते, त्यामुळे वर्गातली मेजवानी त्याच्या एक-दोन दिवस आधी होते. इतक्या लहान मुलांच्या वर्गात भाजलेली टर्की सहसा नसतेच. मक्याचा पाव, सफरचंदाच्या फोडी, चीज, क्रॅनबेरी या आंबट लाल फळाचा गोड सॉस, भोपळ्याचा ‘पाय’ (गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) असे पदार्थ असतात. मांस दिसत नाही अशा ठिकाणी अधिक सावध राहावे. रताळ्यांवर घातलेल्या मार्शमेलोमध्ये (साखरेच्या मऊ गोळ्यांमध्ये) प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेले जिलेटिन असते, कुस्करलेल्या बटाट्यांवर मांसाच्या रसाची ग्रेव्ही ओतलेली असू शकते, आणि मक्याच्या पावात व पायमध्ये बहुधा अंडे असते. काय चालते आणि काय चालत नाही, हे शिक्षिकेला आधी स्पष्ट लिहून कळवावे. अशा सूचना येण्याची शिक्षकांना सवय असते. आपण काही पाठवणार असाल तर शाळेचा नियम आधी विचारावा, कारण ॲलर्जीमुळे अनेक शाळांत घटकांची यादी छापलेला बंद डबाच चालतो आणि शेंगदाण्याला तर सक्त मनाई असते. घरचे चालत असेल तर लाल भोपळ्याचे घारगे पाठवावेत; ते हातात धरून खाता येतात, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात आणि त्या मेजवानीत अगदी शोभतात.

शोभतात असे म्हणण्याला कारण आहे. मका, घेवडा आणि भोपळा ही इथल्या मूळ रहिवाशांची एकत्र घेतली जाणारी पिके, ज्यांना ते ‘तीन बहिणी’ म्हणतात. मका सरळ उभा वाढतो, घेवड्याचा वेल त्याच्या आधाराने चढतो, वेलाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल टिकवतात व तण दाबतात. आपल्या उपवासाच्या ताटातली रताळी, बटाटे, शेंगदाणे आणि हिरवी मिरचीसुद्धा मूळची अमेरिका खंडातलीच. ज्या शेतकऱ्यांनी ही पिके जोपासली त्यांचे ऋण मराठी घरावरही आहे, आणि वर्गात आभार मानायचे तर ते प्रथम त्यांचे मानावेत असे मला वाटते.

आता इतिहास. 1620 साली ‘मेफ्लॉवर’ जहाजाने इंग्लंडहून 102 प्रवासी इथे वसाहत करायला आले आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे मरण पावले. त्यांनी आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात प्लिमथ वसवले ती जागा ओसाड नव्हती. तिथे वाम्पानोआग या मूळ रहिवाशांचे पटक्सेट नावाचे गाव होते आणि युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते नुकतेच उद्ध्वस्त झाले होते. त्याच गावच्या टिस्क्वांटमला साथीपूर्वी, 1614 मध्ये, एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनला नेले होते. तो परतला तेव्हा गावात कोणी उरले नव्हते. पुढे त्यानेच या नवागतांना मासळीचे खत घालून मका पेरायला शिकवले. 1621 च्या शरदात पीक हाती आल्यावर जी मेजवानी झाली तिचे वर्णन वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रात आहे: वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे 90 माणसांसह आला, तीन दिवस पाहुणचार चालला आणि पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणली. त्या पत्रात पक्ष्यांच्या शिकारीचा उल्लेख आहे, टर्कीचे नाव नाही. पुढच्याच पिढीत, 1675 मध्ये, मॅसासॉइटच्या मुलाला याच वसाहतींशी युद्ध करावे लागले. वार्षिक राष्ट्रीय सण तर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या 1863 च्या घोषणेपासून सुरू झाला.

पाच वर्षांच्या मुलाला युद्ध समजावण्याची गरज नाही, पण त्याला खोटेही शिकवू नये. काही वर्गांत अजूनही मुलांना कागदी पिसांचे मुकुट आणि बक्कल लावलेल्या काळ्या टोप्या घालतात. तसले पिसांचे मोठे मुकुट अमेरिकेच्या मधल्या मैदानी प्रदेशातल्या टोळ्यांचे आहेत, वाम्पानोआगांचे नव्हेत, आणि टोप्यांवरची ती बक्कलेही नंतरच्या चित्रकारांची कल्पना आहे. आपल्या वर्गात असे होणार असेल तर शिक्षिकेला नम्रपणे लिहावे की मुकुटाऐवजी मुलांना मक्याचे रंगीत कणीस हाताळायला द्यावे, तीन बहिणींचे चित्र काढू द्यावे, आणि वाम्पानोआग लोक आजही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात हे सांगावे. त्यांच्यातले बरेच जण 1970 पासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. हे मोठ्या वर्गांत तरी शिकवले गेलेच पाहिजे. लहानांना सांगण्याजोगी गोष्ट दुसरी आहे: मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचे वाम्पानोआग ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी स्वतःचा क्रॅनबेरी दिन पाळतात, आणि त्या दिवशी त्यांची मुले शाळेत न जाता थोरांबरोबर रानातली फळे वेचायला जातात.

बहुतेक वर्गांत आणखी एक प्रथा असते: कागदाच्या पानावर आपण कोणाचे आभार मानतो ते लिहून ते पान भिंतीवरच्या झाडाला चिकटवायचे. ते लिहिण्यापूर्वी मुलाला घरी कोजागरीची, म्हणजे नवान्न पौर्णिमेची, माहिती द्यावी. कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला कशा बांधतात त्याचा फोटो दाखवावा. शिक्षिकेची परवानगी असेल तर तो फोटो छापून मुलासोबत पाठवावा. वर्गातल्या इतर मुलांनाही त्यावर बरेच काही विचारायचे असते, म्हणून दोन-तीन सोपी इंग्रजी वाक्ये त्याच्याकडून आदल्या रात्री म्हणून घ्यावीत.