चोरलेली एल्डर छडी एकाची झाली, दुसऱ्याची का नाही?

प्रश्न : हॅरी पॉटरच्या कथेत ग्रिंडेलवाल्ड या जादूगाराने एल्डर छडी (सर्वांत शक्तिशाली जादूची छडी) चोरली आणि ती त्याची झाली, मग हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांच्या थडग्यातून तीच छडी काढणाऱ्या खलनायक व्होल्डेमॉर्टला तिने साथ का दिली नाही?

उत्तर : २००७ साली आलेल्या ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’ या कादंबरीचा हा गाभाच आहे. छडी हाती असणे निराळे आणि तिच्या स्वामीवर मात करणे निराळे. ग्रिंडेलवाल्डने छडी उचलली खरी, परंतु तिचा तेव्हाचा मालक, छड्या बनवणारा ग्रेगोरोविच, समोर येताच ग्रिंडेलवाल्डने त्याच्यावर मंत्रप्रहार केला आणि मगच खिडकीतून उडी घेतली. माझ्या मते त्या एका प्रहारानेच स्वामित्व बदलले. १९४५ मध्ये डम्बलडोरने ग्रिंडेलवाल्डला हरवले आणि छडी डम्बलडोरची झाली.

पुढे शाळेच्या मनोऱ्यावर ड्रॅको मॅल्फॉय या विद्यार्थ्याने डम्बलडोरच्या हातून छडी उडवून त्याला निःशस्त्र केले, तेव्हाच ती, ड्रॅकोने तिला कधी स्पर्शही केलेला नसताना, त्याची झाली; आणि हॅरीने ड्रॅकोच्या हातून त्याची स्वतःची छडी हिसकावली, तेव्हा हे स्वामित्वही हॅरीकडे आले. व्होल्डेमॉर्टने मात्र डम्बलडोरला ठार मारणाऱ्या स्नेप या शिक्षकालाच स्वामी समजून त्याचा जीव घेतला. ही हत्या सर्वस्वी व्यर्थ होती, आणि म्हणूनच ती इतकी जिव्हारी लागते.