घटपर्णीचे बी का रुजत नाही?

प्रश्न : सारासेनिया आणि नेपेंथिस या दोन्ही कीटकभक्षी घटपर्णींचे बी मी एकाच दिवशी पेरले. कुंडीत बागेची माती व कुजलेले खत समप्रमाणात होते. बियांवर बोटभर माती पसरली आणि रोज नळाचे पाणी दिले. अडीच महिने झाले, वर हिरवे शेवाळ आले, पण अंकुर एकही नाही. बी खराब निघाले की माझे काही चुकले?

उत्तर : नेपेंथिसचे बी मुळातच निर्जीव असण्याची शक्यता मोठी आहे, सारासेनियाचे बी मात्र बहुधा जिवंत असावे, त्याला रुजण्याची वेळ आली आहे हे कळलेच नसावे. दोन्ही वनस्पतींना आपण घटपर्णी म्हणत असलो, तरी त्यांची कुळे वेगळी आणि बियांचे स्वभाव तर जवळजवळ उलटे आहेत.

सारासेनिया ही उत्तर अमेरिकेतील दलदलींची रहिवासी. तिचे बी शरद ऋतूत ओल्या शेवाळावर पडते, संपूर्ण हिवाळा तेथेच गारठ्यात काढते आणि ऊब परतल्यावर रुजते. हा हिवाळा आपल्याला फ्रीजमध्ये घडवावा लागतो. ओलसर, पण पाणी न ठिबकणाऱ्या स्फॅग्नम मॉसमध्ये (दलदलीत वाढणारे मऊ शेवाळ) किंवा पीटमध्ये (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा भुगा) बी मिसळून ते झिपच्या पिशवीत बंद करावे आणि सुमारे 4 अंश सेल्सिअसला चार ते सहा आठवडे ठेवावे. फ्रीजरमध्ये ठेवू नये, आणि कोरडे बी थंड करून उपयोग नाही, कारण थंडीचा परिणाम होण्यासाठी बियाने आधी पाणी शोषलेले असावे लागते. या बियांवर मेणासारखा थर असल्यामुळे ती पाण्यावर तरंगतात. ती बुडत नाहीत म्हणून पोकळ समजून फेकून देणे ही नेहमी होणारी चूक आहे. फ्रीजमधून काढल्यावर 21 ते 29 अंश तापमान आणि भरपूर उजेड मिळाला, तर साधारणपणे दोन ते पाच आठवड्यांत अंकुर दिसू लागतात.

नेपेंथिसच्या बियांना थंडी नको, ताजेपणा हवा. सुताच्या धाग्यासारखे हे हलके बी वाऱ्याबरोबर उडण्यासाठी घडलेले असते आणि त्यात साठवलेले अन्न अगदी थोडे असते, त्यामुळे काही आठवड्यांतच त्याची रुजण्याची ताकद झपाट्याने घटू लागते. शिवाय या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असल्यामुळे दोन्ही एकाच सुमारास फुलल्याशिवाय बी धरतच नाही. म्हणून ते घेताना जात कोणती हे विचारण्याआधी फळ कधी तडकले हे विचारावे, असा माझा आग्रह आहे. ताजे बी ओल्या स्फॅग्नमवर पसरून, पारदर्शक झाकणाखाली, थेट उन्हाबाहेरच्या उजेडात ठेवले, तरी रुजायला एक ते तीन महिने लागू शकतात.

आता कुंडीविषयी. इतर झाडांना आपण जे प्रेमाने देतो, ते या झाडांच्या मुळांना सोसत नाही. ज्या जमिनीत नायट्रोजन जवळजवळ नाहीच, अशा जमिनीत राहून त्यांनी तो कीटकांकडून मिळवण्याची सोय केली, आणि त्यांची मुळे क्षार व खते यांच्याबाबत फार हळवी राहिली. सारासेनियासाठी खत न मिसळलेले पीट आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज कण) समप्रमाणात घ्यावे. विकतच्या पीटमध्ये अनेकदा आधीच खत घातलेले असते, म्हणून पाकिटावरील मजकूर वाचूनच घ्यावे. बी पृष्ठभागावरच ठेवावे, कारण त्याला रुजण्यासाठी उजेड लागतो. आपण वर पसरलेली बोटभर माती एवढे एकच कारणसुद्धा अपयशाला पुरेसे होते. पाणी पावसाचे, डिस्टिल्ड किंवा आरओ यंत्रातून आलेले असावे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 50 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 50 भाग) कमी आकडा आला की निश्चिंत राहावे. नळाच्या पाण्याचा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही. पाणी उडून जाते, क्षार कुंडीतच साचत राहतात आणि खताच्या जोडीने शेवाळालाही बळ देतात. सारासेनियाची कुंडी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पाणी असलेल्या ताटलीत ठेवावी. नेपेंथिसला मात्र ओलावा हवा, साचलेले पाणी नको.

प्रश्न : माझी सारासेनियाची रोपे दीड महिन्याची आहेत. त्यांना मुंग्या किंवा मांसाचे कण द्यावेत का? आणि पहिल्याच वर्षी हिवाळी विश्रांती आवश्यक आहे का?

उत्तर : मांस अजिबात देऊ नये. 1874 मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी नेपेंथिसच्या कलशांत (कीटक पकडणाऱ्या घटासारख्या पानांत) मांसाचे आणि अंड्याच्या पांढऱ्या भागाचे तुकडे टाकून ते पचतात हे दाखवले, तेव्हापासून हा मोह अनेकांना होतो; पण ते कलश पूर्ण वाढलेले होते. आपल्या रोपांचे कलश काही मिलिमीटरचे आहेत, त्यांत मांस कुजते आणि बुरशी रोपापर्यंत पोहोचते. बीजदलांनंतर येणारी पहिली पानेच चिमुकल्या कलशांच्या रूपात येतात, हे या रोपांचे सर्वांत लोभस दृश्य, आणि त्यांत स्प्रिंगटेलसारखे ओल्या मातीतले सूक्ष्म जीव आपोआप सापडतात. एवढ्यावर रोपाचे भागते. मातीत खत कधीच घालू नये. झाकण असेल तर ते रोज थोडा वेळ उघडून हवा खेळू द्यावी, कारण कोंदट दमटपणात कोवळी रोपे बुडापाशी मऊ पडून एका रात्रीत आडवी होतात.

मोठ्या सारासेनियाला दर वर्षी तीन-चार महिन्यांची थंड विश्रांती लागतेच. रोपांना मात्र पहिला हिवाळा उबेत आणि दिव्याच्या उजेडात वाढत ठेवता येतो, आणि अनेक जाणकार तसेच करतात, कारण त्यामुळे रोपांची वाढ लवकर होते. तरीही पूर्ण आकाराचे झाड होण्यास तीन ते पाच वर्षे लागतील. एकमेकांना खेटलेली रोपे वेगळी करण्याची घाई करू नये. दोन-तीन सेंटिमीटर उंच झाल्यावर मुळांभोवतीच्या पीटसकट ती उचलली, तर बहुतेक तगतात.