वाचकांचे प्रश्न : कॅम्पिंग ट्रेलर ओढण्यासाठी जुनी व्हॅन कशी निवडावी?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. मुलगा, सून आणि दोन नातवंडे सुटीत बंगळूरहून आली की आम्ही सहाही जणांनी मिळून चार दिवस बाहेर काढावेत, या हौसेने एका परिचिताकडून दोन चाकांचा कॅम्पिंग ट्रेलर घेतला आहे. रिकामा असताना त्याचे वजन ५२० किलो आहे, आणि अंथरूण, शेगडी, सामान व पाणी धरून ते ७०० किलोपर्यंत जाईल. पाण्याची साठ लिटरची टाकी अगदी मागच्या बाजूला आहे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. आम्हाला चोर्ला घाटातून गोव्याला आणि आंबोलीमार्गे कोकणात जायचे आहे. बेळगावात २०१६ ची मारुती ईको पांढऱ्या पाटीची, कोल्हापुरात एमएच-०९ पासिंगची २०१५ ची टाटा विंगर, आणि तेथेच २०१४ ची टेम्पो ट्रॅव्हलर, अशा तीन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. शेवटच्या दोन्ही पिवळ्या पाटीच्या आहेत. कोणते इंजिन जास्त ताकदीचे आणि कोणती गाडी घ्यावी? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आपण इंजिनाच्या ताकदीबद्दल विचारले आहे, आणि ट्रेलरला ब्रेक नसल्याची गोष्ट ओघात सांगून पुढे गेला आहात. माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. सातशे किलोचे वजन सपाट रस्त्यावर ओढणे या तिन्ही गाड्यांना एक वेळ जमेल. परंतु कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याच्या उतरणीला लागल्यावर तेच सातशे किलो पाठीमागून ढकलू लागतात आणि तो सगळा भार एकट्या व्हॅनच्या ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून धरले की लायनिंग तापते, जळका वास येतो, आणि नंतर पायाखालचा पेडल नेहमीसारखा घट्ट असूनही गाडी रोखली जात नाही. म्हणून व्हॅन किती ओढेल यापेक्षा ती उतारावर किती वजन सावरून धरेल, हे पाहून निवड करावी.

यासाठी एक साधा आडाखा आहे. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे भरलेले वजन ७५० किलोच्या वर जाऊ देत नाहीत, आणि ब्रिटनमध्ये त्याशिवाय ते ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक नसावे असाही नियम आहे. आपल्याकडील बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा छापलेलीच नसते, त्यामुळे हा आडाखा आपणही मानावा, विशेषतः ज्याला घाट चढायचे-उतरायचे आहेत त्याने. या हिशेबाने आपल्या व्हॅनचे रिकामे वजन किमान १,४०० किलो असायला हवे. ईको एक टनाच्या आत बसते, तिचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे १०० न्यूटन-मीटर एवढाच पीळ (चाके फिरवण्याचा जोर) देते, आणि सहा माणसे व बॅगा बसल्यावर तिची स्वतःचीच क्षमता जवळजवळ संपते. गावातल्या कामाला ती गुणी गाडी आहे. या कामासाठी मात्र तिचा विचार सोडावा.

विंगर वजनाने पुरेशी आहे आणि आत जागाही ऐसपैस आहे, परंतु तिची पुढची चाके ओढतात, मागची नुसती फिरतात. ट्रेलरची दांडी व्हॅनच्या शेपटीवर टेकलेली असते. मागच्या आसापासून (अॅक्सलपासून) हूक एक मीटर मागे आणि दोन आसांमधले अंतर २.८ मीटर धरले, तर हुकावर ७० किलो भार आल्यावर मागच्या आसावर ९५ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २५ किलो कमी होतात. तराजूच्या दांडीसारखाच हा प्रकार आहे. चढावर यात भर पडते : बारा फुटांत एक फूट चढ असेल, तर सातशे किलोचा ट्रेलर सुमारे ५८ किलोच्या जोराने मागे खेचत असतो, आणि चढामुळे व्हॅनचे स्वतःचे वजनही मागे झुकलेले असते. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचे तीच हलकी होतात. कोरड्या रस्त्यावर हे जाणवणार नाही. जून-जुलैत, आंबोलीच्या वळणावर शेवाळलेला रस्ता, समोरून अचानक आलेली बस आणि आपण चढावर थांबलेले, अशा वेळी पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली की मागे सरकण्यापलीकडे मार्ग उरत नाही, आणि ट्रेलर जोडलेली गाडी मागे सरकली की कात्रीसारखी मिटते. राहिलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरची मात्र मागची चाके ओढतात, तिचे वजनही पुरेसे आहे, म्हणून माझे मत तिच्या बाजूने आहे. व्हॅनचाच आग्रह नसेल, तर स्वतंत्र चासी (खालचा लोखंडी सांगाडा) असलेली जुनी टाटा सुमो, शेव्हरले तवेरा किंवा टोयोटा इनोव्हा यांचाही विचार करावा. सहा माणसांना त्या पुरतात आणि हूक बसवायला भक्कम लोखंड मिळते.

मात्र टेम्पो ट्रॅव्हलर म्हटले की कोणतीही चालेल असे नाही. गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेट शेवटी उघडा आणि आधी गोणपाट टाकून गाडीखाली शिरा. मी स्वतः काही वर्षांपूर्वी गोवा पासिंगची एक व्हॅन केवळ तिच्या चकचकीत रंगाला भुलून घेतली होती. उद्यमबागेतील एका वर्कशॉपमध्ये हूक बसवायला नेली, आणि कारागिराने चासीला ड्रिल लावले तेव्हा ते लोखंडात अडलेच नाही, भिजलेल्या पुठ्ठ्यात शिरावे तसे आरपार गेले. भोकातून तांबूस चुरा त्याच्या तळहातावर पडत राहिला. समुद्राकाठची खारी हवा आतून लोखंड खाते आणि वरून काळा रंग फासला की ते दिसत नाही. म्हणून मागच्या टोकाकडील चासी छोट्या हातोडीने ठोकत जावी. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते.

दुसरी तपासणी पुराची आहे, आणि कोल्हापूर, सांगली किंवा आपल्या निपाणी-चिकोडी भागातून गाडी घेणाऱ्याने ती टाळू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत या पट्ट्यातील असंख्य वाहने पाण्यात उभी होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. तो वर्षानुवर्षे पूर्ण कोणी ओढत नाही, त्यामुळे आतल्या टोकाला पाण्याची रेघ तशीच राहिलेली असते. सीटखालची मॅट उचलून कोपऱ्यात बोट फिरवावे. आपल्या खानापूरकडच्या गाड्यांत तांबडी धूळ सापडणारच, तिची चिंता नको. परंतु काळसर, पिठासारखा बारीक गाळ बोटाला लागला, तर ती नदीची खूण समजावी आणि किंमत कितीही उतरवली तरी परत फिरावे. वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी आली असेल तरीही तोच अर्थ. अशी गाडी चालेल, पण ट्रेलरच्या दिव्यांची वायर तिला जोडली की रात्री घाटात कोणता दिवा कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

ओढण्याच्या कामात क्लच सर्वांत आधी संपतो. मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर प्लेट धरते आहे, घरघरत चालूच राहिले तर ती झिजली आहे. पुढे वंटमुरी घाटात गाडी चढवून पाहावी आणि वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबावा : इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच नव्याने भरण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. त्याच चढावर तापमानाचा काटा पाहावा. खाली उतरून आल्यावर चारही चाकांजवळ, त्यांना स्पर्श न करता, नुसता तळहात धरावा. एकच चाक इतरांहून जास्त धगधगत असेल, तर तेथे ब्रेक अडकतो आहे किंवा बेअरिंग गेले आहे. इंजिन चालू असताना तेल ओतण्याचे झाकण काढून पाहिले आणि तेथून धुराचे झोत येऊ लागले, तर इंजिन आतून झिजलेले आहे. मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) तुटलेले किंवा सरळ झालेले नसावेत, आणि टायरवरचा चार आकडी शिक्का वाचावा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांवरील टायरवर मी ट्रेलर ओढणार नाही.

गाडी कोणतीही घेतली, तरी हूक बंपरला कधीही बसवू देऊ नये. तो चासीच्या दोन्ही बाजूंना, मागून जाड पट्टी देऊन, आरपार बोल्टने बसला पाहिजे. हुकाच्या गोळ्याचे मापही तपासावे : त्यावर बसणारी ट्रेलरच्या दांडीची वाटी ५० मिलिमीटरची आणि गोळा दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असेल, तर ती पूर्ण बसत नाही आणि बसली असे वाटते, हाच त्यातला धोका आहे. शिवाय आपल्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक बसवून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. ट्रेलर पुढे ढकलू लागला की त्याची दांडी आत सरकते आणि तिच्या त्याच सरकण्याने ट्रेलरचे ब्रेक लागतात. व्हॅनमध्ये वेगळी काही योजना लागत नाही. हा खर्च सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमच्या आधी करावा.

आता पाण्याच्या टाकीविषयी. आपल्या वडिलांच्या पिढीला हे सांगावे लागले नसते. बैलगाडी मागे जड भरली की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो; म्हणून गाडीवान बैलांच्या मानेवर थोडे वजन राहील असेच पोती रचत असे. ट्रेलरचा न्याय हाच आहे. भरलेल्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या बाबतीत ७० किलो, हुकावर यायला हवा. मागच्या टोकाला साठ लिटर पाणी ठेवले की हा भार बराच कमी होतो, आणि ताशी साठ-सत्तरच्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. ते डुलणे एकदा वाढले की स्टिअरिंगने आवरत नाही; शांतपणे अॅक्सिलरेटर सोडणे एवढेच हाती राहते. टाकी आसाच्या वर किंवा किंचित पुढे घ्यावी, आणि दांडीखाली घरातला माणसांचे वजन करायचा काटा लाकडी ठोकळ्यावर ठेवून भार मोजावा. एकूण वजनासाठी उसाच्या वजनकाट्यावर व्हॅन व ट्रेलर, माणसांसह, एकदा चढवून पावती घ्यावी. अंदाजाचे ७०० किलो काट्यावर ८०० भरलेले मी पाहिले आहेत.

कागदांचे थोडक्यात सांगतो. कोल्हापूर पासिंगची गाडी बेळगावात कायम ठेवायची, तर तिकडच्या कार्यालयाची ना हरकत, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात, आणि बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तेथील नवा नंबर घ्यावा लागतो आणि कर्नाटकचा कर भरावा लागतो. पिवळी पाटी पांढरी करणे हे याहून वेगळे काम आहे : परमिट जमा करावे लागते, जुना कर फेडावा लागतो, आसनसंख्येचा प्रश्न येतो. हे सर्व होऊ शकते का, हे बेळगावच्या परिवहन कार्यालयात गाडीच्या आरसीची प्रत दाखवून, विसार देण्यापूर्वी विचारावे. अशीच एखादी केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगची, पांढऱ्या पाटीची गाडी मिळाली आणि दोन्ही सारख्याच बऱ्या वाटल्या, तर ती चाळीस-पन्नास हजारांनी महाग असली तरी मी तीच घेईन.

प्रश्न : आमच्या गावात ऊस-ट्रॉल्या बनवणारा एक उत्तम कारागीर आहे. त्याच्याकडून कॅम्पिंग ट्रेलर बनवून घेतला तर त्याला वेगळा नंबर लागतो का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : लागतो. मोटार वाहन कायदा ट्रेलरला स्वतंत्र वाहन मानतो, त्यामुळे नोंदणी आणि विमा दोन्ही हवेत. विमा कंपनीला व्हॅनच्या पॉलिसीतही ट्रेलर ओढत असल्याचे लेखी कळवावे. खासगी वापराचा कॅम्पिंग ट्रेलर बिगरवाहतूक वाहनांत मोडतो, ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. परंतु नोंदणीसाठी त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मान्य केलेला असावा लागतो. आपला कारागीर कितीही कुशल असला तरी अशी मान्यता त्याच्याकडे नसेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच थांबावे आणि मान्यताप्राप्त उत्पादकाचा, नोंदणी झालेला जुना ट्रेलर शोधावा. दुरुस्ती आणि आतील फर्निचर त्याच कारागिराकडून करून घेता येईल. ट्रेलरवर त्याचा स्वतःचा नंबर तर हवाच, शिवाय ओढणाऱ्या व्हॅनचा नंबरही त्याच्यावर दिसला पाहिजे, कारण जोडल्यावर व्हॅनची मागची पाटी झाकली जाते. व्हॅन बदलली की ती पाटीही बदलावी.