'50,000 तास' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : आमच्या रुग्णालयात 20 इन्फ्युजन पंप (ठरावीक वेगानं शिरेतून औषध देणारी यंत्रं) आहेत, चोवीस तास चालू. माहितीपत्रकात 'एमटीबीएफ 50,000 तास' असं छापलंय. म्हणजे साडेपाच वर्षं बिनघोर, ना? मग वर्षभरात तीन पंप का बंद पडले?
— एक वाचक, सातारा

उत्तर : माल खराब निघाला असं लगेच म्हणू नका. एमटीबीएफ (मीन टाइम बिटवीन फेल्युअर्स) हा आकडा एका पंपाचं आयुष्य सांगत नाही; दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर सांगतो, तेही सगळ्या पंपांचे तास एकत्र धरून. वर्षाचे 8,760 तास गुणिले 20, म्हणजे 1,75,200. त्याला 50,000 ने भागा : साडेतीन. तुमचे तीन बिघाड अगदी हिशेबात बसतात! बिघाडाचा दर कायम धरला, तर 50,000 तासांपर्यंत शंभरातले जेमतेम 37 पंप न बिघडता पोचतात.

शिवाय हे गणित झिजणाऱ्या भागांना लागू पडत नाही. बॅटरी वयानं मरते आणि उकाड्यात लवकर मरते. पंप नेहमी प्लगवरच असल्यानं ते कळतही नाही. कळतं ते रुग्णाला लिफ्टमधून नेताना. म्हणून दर सहा महिन्यांनी रुग्णाला न जोडता पूर्ण चार्ज झालेला पंप ताशी 25 मिलीवर लावा, प्लग काढा आणि तो किती वेळ चालतो ते मोजा. पुस्तिकेतल्या वेळेपेक्षा बराच कमी चालला, तर बॅटरी बदला.

नोंदवहीत नुसतं 'पंप बंद' लिहू नका. अनुक्रमांक, चाललेले तास आणि बिघडलेला भाग लिहा : बॅटरी, दार, की सेन्सर.