सोलापुरात जुन्या कारचं नवीन दुकान टाकलंय, जाहिरातीला पैसे थोडेच आहेत. कुठे घालावेत?

होर्डिंगच्या नादी आत्ताच लागू नका. आधी गूगल मॅपवर दुकानाची नोंद करा, ती फुकट होते. फोटो, वेळ, फोन नंबर नीट भरा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडून रिव्ह्यू मागून घ्या.

खरी मेहनत गाडीच्या व्हिडिओवर घ्या. मोबाइलवर दोन मिनिटांचा, मराठीत. बॉनेट उघडून थंड इंजिन चालू करा, टायरची झीज, मीटरचं रीडिंग, दरवाजावरचा ओरखडासुद्धा दाखवा. विम्याची मुदत आणि किंमत स्पष्ट सांगा. 'किमतीसाठी फोन करा' लिहिलं की माणूस पुढे सरकतो. हाच व्हिडिओ व्हॉट्सअॅप स्टेटस, फेसबुक मार्केटप्लेस, ओएलएक्स, सगळीकडे टाका.

पैसे खर्चायचेच तर फेसबुकवर सोलापूरसोबत बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट निवडून थोडी थोडी जाहिरात चालवा. दसरा-दिवाळी आणि पाडव्याच्या आधी जरा हात सैल सोडा.

आणि हो, गॅरेजवाल्यांना विसरू नका! जुनी गाडी घेणारा आधी आपल्या मेकॅनिकलाच विचारतो. 'तुमचा मेकॅनिक घेऊन या, गाडी तपासा' हे बोर्डवरच लिहा. नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, हे सगळं तुम्ही करून देणार असाल तर तेही ठळक लिहा. आरटीओच्या कामाचीच लोकांना जास्त धास्ती असते.