लिलावात डोमेन घेतलं, नोटीस आली

प्रश्न : मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो. जोडधंदा म्हणून मुदत संपलेली डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, ऑनलाइन लिलावात घेतो आणि विकतो. अलीकडे दोन नावं घेतली. एक डॉट कॉम आहे, त्यात कोल्हापूर आणि कांदा-लसूण मसाला एवढेच शब्द आहेत. दुसरं डॉट इन. ते इथल्याच एका घरगुती मसाला कंपनीचं नाव आहे. त्यांनी वेळेत रिन्यू केलं नव्हतं, मला साडेअकरा हजारांना मिळालं. मी त्यांना मेल केला की दोन लाखांत देतो, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय : 15 दिवसांत दोन्ही नावं परत द्या, वर 10 लाख नुकसानभरपाई द्या, नाहीतर फौजदारी करू. माझ्याकडे लिलावाची पावती आहे, मी काही चोरलेलं नाही. त्या डॉट इनवर त्यांच्या गिऱ्हाइकांचे ऑर्डरचे मेलसुद्धा माझ्याकडे येतायत. नावं मित्राच्या नावावर करून ठेवू का? आणि कोल्हापुरी चपलांचं एक चांगलं नाव लिलावात आलंय, बोली लावू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मित्राच्या नावावर करायचा विचार आधी डोक्यातून काढा. नोटीस हातात पडल्यावर नाव दुसऱ्याच्या खात्यात सरकवलं, की ते लपवण्यासाठीच केलं असा अर्थ लवादही काढतो आणि कोर्टही. मित्रालाही विनाकारण प्रतिवादी करून ठेवाल.

दुसरं काम आजच करा, ते मेलचं. डोमेनचा ताबा आला की त्या नावापुढचे सगळे पत्तेही तुमच्या ताब्यात येतात. पुण्याहून कुणी पाच किलो कांदा-लसूण मसाला मागवतंय, कुणी पैसे भरल्याचा फोटो पाठवतंय, आणि उद्या त्याच पत्त्यावर कंपनीच्या बँकेचा किंवा जीएसटीच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याचा मेलही येऊ शकतो. तुम्ही डोमेन घेतलंत हा गुन्हा नाही. पण त्यातल्या एका मेलला जरी तुम्ही कंपनी असल्यासारखं उत्तर दिलंत, कुणाचे पैसे घेतलेत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ड समोर उभं राहतं. संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. नोटिशीतल्या फौजदारीच्या धमकीत दम येईल तो इथूनच. म्हणून डोमेनच्या सेटिंगमध्ये जाऊन एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी नोंद, काढून टाका, म्हणजे मेल तुमच्या खात्यात येणं थांबेल. आलेले मेल उघडू नका, पुसूही नका. ते जसेच्या तसे कंपनीला द्यायचे आहेत.

आता पावतीचं. लिलावात तुम्ही नेमकं काय विकत घेतलंत हे समजून घ्या, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. डोमेन सातबाऱ्यावर चढत नाही. रजिस्ट्रारशी, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीशी, केलेला तो मुदतीचा करार असतो, डॉट कॉमचा एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांचा. जुन्या धन्याने पैसे भरले नाहीत म्हणून तो करार मोकळा झाला आणि बोली लावून तुमच्याकडे आला. त्याबरोबर जुन्या कंपनीची पत आली नाही, ट्रेडमार्क आला नाही. आधीच्या नोंदणीची तारीखही तुमच्या उपयोगाची नाही : वादात तुमच्या हेतूचा हिशोब तुम्ही नाव घेतलंत त्या दिवसापासून होतो. रिन्यू करायचं राहिलं म्हणजे कंपनीने आपलं नाव सोडून दिलं, असंही कायदा मानत नाही. त्यांची पाकिटं लक्ष्मीपुरीतल्या दुकानांत आजही लटकत असतील, तर नाव त्यांच्या वापरातच आहे.

भारतात डोमेनसाठी वेगळा कायदा नाही, पण म्हणून मोकळं रान आहे असं समजू नका. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात स्पष्ट सांगितलं की डोमेन हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण मिळू शकतं.

तुमच्या दोन नावांची प्रकरणं मात्र एकमेकांपासून पार वेगळी आहेत, आणि नोटिशीने ती मुद्दाम एकत्र बांधली आहेत. ती सोडवायला हवीत.

डॉट इनचं नाव परत करा. मी हे भीतीपोटी सांगत नाही, ते त्यांचंच आहे म्हणून सांगतो. डॉट इनचे वाद, त्या नावांचा कारभार बघणाऱ्या निक्सी या संस्थेच्या धोरणाखाली लवादाकडे जातात. तिथे तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव आपल्या नावाशी किंवा चिन्हाशी गोंधळ होण्याइतकं जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते दुर्हेतूने नोंदवलं किंवा दुर्हेतूने वापरलं. यातला ‘किंवा’ तुमच्या विरोधात जातो, दोन्हींपैकी एक सिद्ध झालं तरी पुरे. आणि तुमच्या बाबतीत ते सिद्ध करायला त्यांना तुमचा मेलच बास आहे. मूळ धन्यालाच खर्चापेक्षा कितीतरी जास्त पैशांत विकण्यासाठी नाव घेणं, हा दुर्हेतूचा या धोरणात लिहूनच ठेवलेला नमुना आहे. साडेअकरा हजारांचं दोन लाख, वर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा दाखला. कोल्हापुरात राहून हे नाव माहीत नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही. त्या पानावर रजिस्ट्रारने आपोआप लावलेल्या जाहिराती असतील तर त्या आत्ताच बंद करा. दुसऱ्यांच्या मसाल्याच्या जाहिराती तिथे दिसत असतील आणि क्लिकमागे तुम्हाला पैसे मिळत असतील, तर ‘मी लावल्या नाहीत’ हा बचाव सहसा चालत नाही.

परत करताना मात्र फुकट द्यायची गरज नाही. लिलावाची रक्कम, नोंदणी शुल्क, त्यावरचा कर, जे कागदावर दाखवता येतं तेवढं मागा. एवढं मागणं रास्त धरलं जातं आणि कंपनीलाही ते लवादापेक्षा खूप स्वस्त पडतं. आधी लेखी तडजोड करा. त्यात त्यांनी दावा, तक्रार आणि नुकसानभरपाईची मागणी सोडल्याचं स्पष्ट येऊ द्या. मग पैसे, मग नाव. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असली तर नाव एका खात्यातून दुसऱ्यात लगेच वळवता येतं.

डॉट कॉम सोडू नका. गावाचं नाव आणि पदार्थाचं नाव यांवर एकट्याचा मक्ता नसतो. उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वाळवून डंखावर कुटून चटणी करून आणणारं प्रत्येक घर हे शब्द वापरतं. त्या कंपनीचा ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर तो ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर वर्ग 30 मध्ये शोधा, मसाले त्या वर्गात येतात. बहुधा चिन्हात त्यांचं घराण्याचं नाव ठळक असेल आणि ‘कोल्हापुरी’ शब्द नुसता सोबतीला. ट्रेडमार्क कायद्याचं कलम 17 सांगतं की अख्खं चिन्ह नोंदलं म्हणून त्यातल्या सर्वसामान्य शब्दावर वेगळा हक्क मिळत नाही. मालाचा प्रकार किंवा ठिकाण सांगायला असे शब्द वापरले तर कलम 30 ने तुम्हाला मोकळीक दिलेली आहे.

डॉट कॉमचा वाद आयकॅन या जगभरच्या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या 1999 च्या धोरणाखाली चालतो. तिथे ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे : नोंदणीही दुर्हेतूने, वापरही दुर्हेतूने. सर्वसामान्य शब्दांची नावं घेऊन विकण्याचा धंदा हा स्वतःहून दुर्हेतू ठरत नाही. जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, तक्रार करायची तर एका लवादासाठी 1500 डॉलर शुल्क तक्रारदारच भरतो. तक्रार आलीच तर उत्तराला 20 दिवस मिळतात आणि उत्तर दाखल करायला तुम्हाला शुल्क नाही, पण ते दिल्याशिवाय राहू नका. नुकसानभरपाई या प्रक्रियेत मिळतच नाही, त्यासाठी त्यांना दिवाणी दावा लावावा लागेल. तो कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात होऊ शकतो. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच असल्याने पुढची लढाईही मुंबईला जाऊन लढावी लागणार नाही. हे तुमच्या सोयीचं आहे तसं त्यांच्याही. म्हणून या नावावर त्यांच्या कंपनीचा उल्लेख, त्यांच्या पाकिटासारखे रंग, त्यांच्या स्पर्धकाची जाहिरात, यातलं काहीही येऊ देऊ नका. मसाल्याची माहिती, पाककृती, असं काहीतरी खरंखुरं तिथे असलं तर तुमचं म्हणणं आणखी भक्कम होईल.

नोटिशीतले 15 दिवस ही वकिलाने दिलेली मुदत आहे, कायद्याने नाही. तरी त्या आत उत्तर जाऊ द्या. ते वकिलामार्फतच द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर कंपनीच्या मालकांशी बोलणं सुरू करू नका. एका मेलने किती नुकसान केलंय ते वर पाहिलंतच. उत्तरात दोन्ही नावांचे परिच्छेद वेगळे ठेवा. डॉट इनबद्दल तडजोडीची तयारी ‘हक्कांना बाध न येता’ अशा शब्दांत लिहा आणि डॉट कॉमची मागणी कारणं देऊन फेटाळा. लिलावाच्या पानाचे स्क्रीनशॉट, बोलीचे मेल, पावत्या, बँकेची नोंद, सगळं एका फाइलमध्ये वकिलाकडे न्या. दोन लाखांचा तो मेलही न्या. तो लपवलात तर तुमच्या वकिलाला तो समोरच्याकडून कळेल.

राहिली चपलांची बोली. कोल्हापुरी चप्पल ही भौगोलिक उपदर्शन (जीआय) म्हणून, म्हणजे ठरावीक भागातल्या मालासाठी राखलेलं नाव म्हणून, नोंदलेली आहे. तिचे नोंदणीकृत मालक महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर ही दोन चर्मोद्योग महामंडळं आहेत, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी ती आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हापासून या नावाकडे सगळ्यांचं लक्ष आहे. नुसतं डोमेन घेणं आणि त्या नावाखाली माल विकणं यात फरक आहे, हे खरं. पण ते नाव उद्या ज्याला विकाल तो बाहेरच्या यंत्रावर केलेल्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणार असेल, तर 1999 च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याचं कलम 22 लागतं, आणि झळ आपल्याच कारागिरांना बसते. ओळखीचा चर्मकार कारागीर किंवा त्यांची संस्था सोबत घेऊन, त्यांच्या मालासाठी ते नाव घेणार असाल तर बोली जरूर लावा. फक्त साठवून ठेवायचं असेल तर माझा सल्ला नाही असाच आहे, आणि हातातली नोटीस निकाली निघेपर्यंत तर कुठलीच बोली नको.